सूपभर जवारीची लेक

डेअरीतलं दूध गेलं, पण दुधाचा वास काही गेला नव्हता. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत, निम्मी बाजारात. दूध सोसायटीच्या खोलीत फॅट काढायचं यंत्र गोणपाटाखाली झाकलेलं आणि रिकामे कॅन कोपऱ्यात एकावर एक. तरी दुपारी दार उघडलं की तो आंबूस वास अंगावर यायचाच. दैवशाला रोज आधी फिनेल टाकून फरशी पुसायची आणि मग चटया अंथरायची. सोसायटीचे चेअरमन म्हणजे तिचे सासरे, विठ्ठलराव. त्यांनी खोली दिली म्हणून सुनेला हे काम लागलं, हे गावाला माहीत होतं. दैवशालाला जरा जास्तच माहीत होतं.

काम बीडच्या एका संस्थेचं. दसरा-दिवाळी झाली की गावातली तरणी माणसं ट्रकात संसार घालून उसाच्या फडावर जात. यंदा पावसानं सलग तिसऱ्या साली दगा दिला, तर ज्यांच्या घरात कधी कोयता नव्हता तेही गेले. मागं उरली लेकरं आणि म्हातारी माणसं. संस्थेचं म्हणणं साधं होतं. आईबाप लांब गेलेल्या लेकराच्या मनात काही साठतं, आणि लेकसून गेल्यावर भिंतीकडं बघत बसलेल्या म्हाताऱ्याच्या मनातही साठतं. दोघांना रोज दुपारी एकत्र बसवा. गाणी म्हणा, चिंचोके खेळा, मातीची बैलं करा. लेकराला ‘बोल’ म्हणायचं नाही, म्हाताऱ्याला ‘रडू नका’ म्हणायचं नाही.

गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं करून टाकलं.

“कुठं निघालीस गं छबू?”

“येड्यांच्या डेअरीला. माझं फॅट किती लागतंय ते बघून येते.”

छबूबाई अशी हसत हसत यायची, पण बाकीच्यांना आणायला दैवशालाला घरोघर फिरावं लागलं होतं. वडवणीच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, बोलायला गोड. ती ओट्यावर टेकायची, पाणी मागायची आणि म्हणायची, “मावशी, मनाला त्रास होणं म्हणजे येड लागणं न्हाई. पाय मुरगळला तर आपण लपवून ठेवतो का? मग हे कावून लपवायचं?” हे वाक्य तिला फार छान जमायचं. एवढं छान की संस्थेचे सुग्रीव सर दुसऱ्या गावातल्या ताईंना तिचं उदाहरण द्यायचे.

आणि मुरगळलेला पाय तिच्याच घरात होता. त्यावर तिनं पदर टाकला होता.

समृद्धी, तिची सात वर्षांची लेक, घरात पोपटासारखी बोलायची. उंबरा ओलांडला की तोंड मिटायचं ते परत उंबऱ्याच्या आत आल्यावरच उघडायचं. शाळेत पहिली सरली, दुसरी सरत आली, गुरुजींनी तिचा आवाज ऐकला नव्हता. गुरुजींनी विचारलं तेव्हा दैवशाला म्हणाली, लाजाळू हाय. सुग्रीव सरांनी विचारलं, “ताई, तुमची समू बोलत नाही का कुणाशी?” तर ती हसून म्हणाली, “बोलते की! घरी तर कान खाती.” खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

हळदीकुंकवाला गेलं, लग्नाला गेलं, की तिचे डोळे बायांच्या तोंडावरून फिरत राहायचे. कोण विचारणार, कोण विचारायच्या बेतात आहे. “नाव काय गं बाळ तुझं?” असं कुणी म्हटलं रे म्हटलं की दैवशाला हसत लेकीच्या मागं उभी राहायची, “सांग की आजीला,” म्हणायची आणि मागच्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही असा, तिचा दंड दोन बोटांत धरायची. चिमटा नाही म्हणता यायचा. नुसतं धरणं. थोडं घट्ट.

केंद्रात समू रोज आईबरोबर यायची आणि दाराजवळ, कॅनच्या कोपऱ्यात बसणाऱ्या कडूबाईला टेकून बसायची. कडूबाई गावाच्या कडेला एकटी राहायची. तिला चार लेकरं झाली, एकही जगलं नाही. नवरा गेला, पुतण्या फडावर. बाळंतिणीच्या घरी तिला कुणी बोलवत नसे, आणि तीही जात नसे. रिकामे हात जमत नाहीत म्हणून ती येताना सूप आणि रेशनची जवारी घेऊन यायची आणि खडे वेचत बसायची. समूही वेचायची. काही लागलं तर ती कडूबाईचा पदर ओढायची. एकदा ओढला की पाणी, दोनदा ओढला की घरी जायचं. दोघींचं कसं काय ठरलं होतं कोण जाणे.

एका दुपारी दैवशाला चिंचोके मोजून पोरांना वाटत होती. सहज मान वळली, तर समूचं तोंड कडूबाईच्या कानाशी. ओठ हलत होते. घराबाहेर, एवढ्या माणसांत, तिची लेक बोलत होती!

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी काहीतरी इंगळी चावल्यासारखं झालं. काय सांगत असेल ही? आणि हिलाच कावून?

त्यानंतर चार दिवसांनी टँकर अवेळी आला. दैवशाला सगळं तसंच टाकून ड्रम लावायला पळाली. परत आली तेव्हा खोलीत हसू दाबल्यासारखी शांतता होती. कडूबाईचं सूप रिकामं होतं आणि समूच्या फ्रॉकच्या ओच्यात जवारी. घरी निघताना छबूबाईनं दैवशालाला गाठलं.

“इकली बरं का तुझी लेक आज.”

“काय म्हणता मावशी?”

“कडूबाईनं घेतली. सूपभर जवारीला. लेकीनं सोताच सौदा केला, मान हलवून. आमी समदे साक्षीला.” छबूबाई पोट धरून हसली. “अगं, पहिल्या काळात ज्या घरात लेकरू जगत नसायचं ना, तिथं नवं लेकरू सुपात घालून दुसरीला इकायचे. कोंड्याला न्हाईतर दाण्याला. मग आईनं ते दुसऱ्याचं म्हणून संभाळायचं. नेणारा येतो, त्या आईचं लेकरू हुडकतो, त्याला घावतच न्हाई. कडूबाई तशीच इकलेली हाय. न्हाईतर सोन्यासारख्या लेकराचं नाव कडू कोण ठेवील?”

दैवशालाही हसली. मग छबूबाईनं आवाज बारीक केला.

“पण माय, घेणारीचा हात बघून द्यावं. तिच्या हाताला एक तरी जगलं का?”

दैवशालानं अंधश्रद्धेवर कॉलेजात भाषण केलं होतं, बक्षिसाचा कप अजून टीव्हीवर होता. घरी येईपर्यंत तिनं समूच्या कपाळाला तीनदा हात लावला. तिसऱ्यांदा कपाळ कोमट लागलं. उन्हातून चाललेल्या लेकराचं कपाळ कोमट लागणारच, पण ते तिला नंतर सुचलं. समूनं ओचा पुढं केला. “आई, हे तुला.” एवढंच बोलली. दैवशालानं जवारी परातीत घेतली. तिन्हीसांजेला त्यात मीठ-मिरची घालून, लेकीवरून उतरवून, तीन वाटा मिळतात तिथं नेऊन टाकली. मागं वळून न बघता घरी आली. हातपाय धुतले. कुणी पाहिलं नाही ना, एवढंच पाहिलं.

आणि चुलीपुढं सासूला, विमलबाईला, म्हणाली, “आत्याबाई, मी असलं काही मानत न्हाई. पण...”

पुढचं सगळं त्या ‘पण’नंच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विठ्ठलराव केंद्रात आले. पायताण न काढता चटईवरून सरळ कॅनच्या कोपऱ्यापर्यंत गेले.

“कडूबाई, उठा. खोली सोसायटीची हाय. हितं करणी-धरणी चालणार न्हाई. उद्यापासून यायचं न्हाई.”

कडूबाईनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती दैवशालाकडं बघत होती.

“ताई, तुमी सांगा. मी काय केलं?”

दैवशालाच्या पुढ्यात चिंचोके होते. ती ते एका ओळीत लावायला लागली. एक तिरपा होता, तो तिनं सरळ केला. वर पाहिलं नाही. सगळी म्हातारी, सगळी पोरं तिच्या त्या हाताकडं बघत होती.

“बरं,” कडूबाई म्हणाली. कॅनला धरून उठली. सूप काखेत घेतलं. समूनं तिचा पदर मुठीत धरला होता. एकेक बोट सोडवून तिनं तो काढून घेतला आणि उन्हात निघून गेली.

त्या दिवसापासून समू घरातही बोलेना.

पहिल्या दिवशी दैवशालाला वाटलं, रुसली असेल. दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी केली. समूनं खाल्ली, बोलली नाही. आजीनं दृष्ट काढली, आजोबांनी मांडीवर घेतलं. त्रिंबक, समूचा बाप, बीडला पतसंस्थेत नोकरीला होता; त्याचा फोन आला की ती रोज किलबिल करायची. आता फोन कानाला धरून नुसती उभी. तो पलीकडून “समे, ए समे,” करत राहायचा. “रेंज न्हाई वाटतं,” असं दैवशालानं त्याला सांगितलं. तेही सांगून झालं.

आठवड्यानं तिला राहवेना. भर उन्हात, बाया टँकरवर असताना, गल्लीत कुणी नाही असं बघून ती कडूबाईच्या घरी गेली. कडूबाई दारातच जवारी निवडत बसली होती. सुपात मूठभरच होती.

“बस,” ती म्हणाली. मग तिनं परत सुपात मान घातली.

“आजी, समू घरात पण बोलत न्हाई आता. तुमाला ती काय सांगायची? मला कळू द्या. तुमच्या पाया पडते.”

कडूबाईनं एक खडा काढून लांब फेकला.

“काय सांगायची? म्हणली, आजे, माझ्या आईला माझी लाज वाटती. मी म्हणलं, लेकरा, तुला कसं कळलं? तर दंड दाखवला. हा, मागचा. म्हणली, माणसं आली की आई मला हितं धरती.”

दैवशालाच्या दोन बोटांना एकदम काहीतरी झालं. तिनं ती मुठीत लपवली.

“मग मी म्हणलं, इकत घेऊ का तुला? ज्याची वस्तू त्याचीच लाज. तू न्हाई बोललीस तर लोकं मला नावं ठेवतील, तुझ्या आईला न्हाई. मला काय, मला ठेवलेलीच हायेत. तर हसली बघ. खुदकन हसली. म्हणून सूपभर दिली. म्हणलं, आईला नेऊन दे, किंमत तिला गेली पायजे.” कडूबाईनं मान वर केली. “पोचली का?”

रेशनच्या जवारीतलं सूपभर. कडूबाईचं आठवड्याचं खाणं. दैवशालाच्या डोळ्यांपुढं ती तीन वाटांची धूळ आली, मिरच्या आल्या, दाण्यांवर तुटून पडलेल्या चिमण्या आल्या.

“पोचली,” ती म्हणाली.

“मग झालं तर.”

“आजी, माझं चुकलं. मला माफ करा.”

कडूबाईनं सूप खाली ठेवलं. आता मात्र तिचा आवाज चढला.

“बघ की! उठवायचं समद्यादेखत आन् माफी मागायची गल्लीत कोण न्हाई ते बघून. ठेव ती तुझ्यापाशीच. मला तुझ्या सासऱ्याचा राग न्हाई, तो दूध नसलेल्या डेअरीचा चेअरमन. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. तुझ्या.”

दैवशाला उठली. परतीच्या वाटेवर तिला कुणी भेटलं नाही, आणि तरी तिला सगळ्या भिंती बघतायत असं वाटत राहिलं.

महिनाअखेरीला सुग्रीव सर संस्थेच्या दोन बायांना घेऊन केंद्र बघायला आले. विठ्ठलरावांनी सोसायटीतर्फे नारळ आणले होते, ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत मधोमध बसले. म्हातारी माणसं भिंतीला टेकून, पोरं पुढं. कॅनचा कोपरा मोकळा. समू त्या मोकळ्या जागेशेजारी, जागा सोडून बसली होती, जणू तिथं कुणी आहे.

“ताई, काय काय करता तुम्ही, पाहुण्यांना सांगा,” सुग्रीव सर म्हणाले.

दैवशाला उभी राहिली. मुरगळलेल्या पायाचं ते वाक्य जिभेवर तयार होतं. तिनं तोंड उघडलं, आणि ते बाहेर येईना. आदल्या रात्रीपासून मनात घोळवलेलं दुसरं वाक्य होतं, तेही येईना. एवढे डोळे. पाहुण्या बाया हसून मान हलवत होत्या, म्हणजे बोला, बोला. विठ्ठलराव खाकरले. ती नुसती उभी. शब्द खाली कुठंतरी आडात पडलेत, आणि आडाला पायऱ्याच नाहीत. तेव्हा तिला कळलं की समूचं न बोलणं हा हट्ट नव्हता. कधीच नव्हता.

“घाबरल्या ताई,” सुग्रीव सर हसले.

“सांग की गं,” छबूबाई म्हणाली.

तेवढ्यात पदराला ओढ लागली. समू कधी उठून आली होती कोण जाणे. तिनं आईचा दंड धरला नव्हता. पदर धरला होता. एकदा ओढला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. दैवशाला दोन घोट प्याली.

“माझी समू घराबाहेर बोलत नाही,” ती म्हणाली. आवाज चिरका आला. “दोन वर्षं झाली. मी सगळ्यांना सांगत फिरले, लपवू नका, आणि मी लपवलं. कडूबाईंनी करणी केली नाही. ते माझ्या तोंडातून निघालं. समू फक्त त्यांच्याशी बोलत होती, मला ते सोसलं नाही. त्यांनी तिला सूपभर जवारी दिली. ती मी तिवाट्यावर टाकली.”

करणीचं ऐकून कुणी हललं नव्हतं. जवारीचं ऐकून मात्र भिंतीकडून हुंकार उठला.

“दुष्काळात?” सटवाआजोबा म्हणाले. “जवारी? तिवाट्यावर?”

“हो.”

“सूनबाई, खाली बस,” विठ्ठलराव म्हणाले.

ती बसली नाही. बसायचं राहून गेलं. विठ्ठलराव उठले, आणि पायताण वाजवत गेले. नारळ तसेच राहिले. पाहुण्या बायांना कुठं बघावं कळेना. जाताना सुग्रीव सर दारात थांबले. “ताई, उद्यापासून समूला तुमच्याबरोबर आणू नका,” ते म्हणाले. “तिच्यासाठी आणा.” त्यांनी दुसरं काही म्हटलं असतं, रागावले असते, तर तिला सोपं गेलं असतं.

घरी विमलबाईनं तिच्या हातचा चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दुपारी दैवशाला चटया अंथरत होती तर बाहेर कडूबाईचा आवाज. गावात बातमी पोचवायला छबूबाई होतीच. कडूबाई खोलीबाहेर, पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे त्या कट्ट्यावर, लिंबाच्या सावलीत बसली होती. काखेत सूप.

“आजी, आत या ना.”

“ज्या जागेवरून उठवलं तिथं मी परत बसत न्हाई. खोड हाय माझी.”

दैवशाला आत गेली आणि चटया गुंडाळून बाहेर घेऊन आली. म्हातारी माणसं कुरकुरत उठली, पोरं चिंचोके सांडत आली. सटवाआजोबांनी लिंबाला पाठ टेकली. “घ्या! येड्यांची डेअरी रस्त्यावर आली.” सगळे हसले. जाणारे येणारे थांबून बघत होते. दैवशालाला प्रत्येकाची नजर कळत होती, मानेवर, पाठीवर. पदर सावरून ती तशीच बसली.

मग तिनं जवारीची पिशवी उघडली. घरची, निवडलेली, मोजून नाही, सूपभर. कडूबाईच्या पुढं धरली.

“काय हाय?”

“तुमची. मी टाकली ती.”

“सौदा मोडायला आलीस व्हय?” कडूबाईनं सूप मागं ओढलं. “दाणं परत घेतलं तर लेक परत द्यावी लागंल.”

दैवशालाचे हात तसेच पुढं राहिले.

“शिजव ती, घाल समद्यांना,” कडूबाई म्हणाली. “लेक माझी. संभाळ तू. दुसऱ्याची म्हणून संभाळ. दुसऱ्याच्या लेकराचा दंड कोणी धरत न्हाई.”

हे ती हळू बोलली नाही. सगळ्यांनी ऐकलं. छबूबाईसुद्धा हसली नाही.

समू कडूबाईला टेकून बसली होती. ती बोलली नाही, त्या दिवशीही नाही. वाटेनं उमापूरकडची एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन चालली होती. सावली बघून टेकली, पाणी प्याली आणि समोरच्या लेकराकडं बघून हसली.

“नाव काय गं बाई तुझं?”

दैवशालाचा हात उठला. सवयीनं, आपोआप, लेकीच्या पाठीमागं गेला. आणि मधेच थांबला. समूनं तो येताना पाहिला होता. तिचा खांदा आकसला होता. ते सगळ्यांना दिसलं.

दैवशालानं हात मागं घेतला. कुठं ठेवावा कळेना, म्हणून जवारीत ठेवला. बाई वाट बघत होती. समू गप्प होती. कडूबाई खडे वेचत होती. दैवशाला काही बोलली नाही, लेकीच्या वतीनंही नाही.

“बरं, नको सांगूस,” बाई म्हणाली आणि गाठोडं उचलून गेली.